वाढलेली पोत

मणी दिसला की माझे हात शिवशिवतात, हे आधीच सांगून टाकते. समोरची बाई लेकीच्या लग्नाचं काही सांगत असते आणि माझं अर्धं ध्यान तिच्या गळ्यातल्या पोवळ्यावर, की ह्याचं भोक हातानं पाडलेलं आहे का. बायकांना वाटतं अक्काचा सोन्यावर डोळा आहे. सोनं मला कधी कळलं नाही. मणी कळतो.

शिकवलं कुणी नाही. आमच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात एक म्हातारा पटवेकरी बायकांच्या गळ्यातल्या पोती गाठायला बसायचा. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचा, दुसरं दातात धरायचा. मी भाजीची पिशवी घेऊन त्याच्यापुढे उभी. एकदा वैतागून म्हणाला, "बाई, तू गिऱ्हाईक हायस का पोलीस?" पुढे तो यायचा बंद झाला, तशा गल्लीतल्या बायका माझ्याकडे यायला लागल्या. दारातूनच सांगायच्या, "अक्का, पोत वाढली." तुटली म्हणायचं नाही ना! आपल्यात बांगडी फुटत नाही, कुंकू संपत नाही, पोत तुटत नाही. सगळं वाढतं.

नव्वदची सालं सरत आली होती, तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा गेला. तिची तिशीसुद्धा सरली नव्हती, पोरगी कडेवर. दहाव्याला नदीकाठी तिची पोत वाढवली. सोन्याचं डोरलं सासूनं आधीच काढून घेतलं होतं, राहिले होते नुसते काळे मणी. कुणा म्हातारीनं झटका दिला आणि मणी वाळूत उडाले. बाकीच्या बाया रडत होत्या. मीही रडत होते, पण रडता रडता वेचत होते. हात थांबेचनात. म्हातारी म्हणाली, "नदीत सोड गं ते. घरी नेऊ न्हाई." मी पाण्यात मूठ बुडवली आणि तशीच मिटलेली वर काढली. बहिणीला म्हणाले, "सोडले गं."

ते मणी मंजनाच्या रिकाम्या डबीत घालून मी ज्वारीच्या कोठीत लपवले, आणि तिथून माझा जीव एका जागी राहीना. दळण काढायला हात घातला की डबी खुळखुळायची. मग ती लुगड्याच्या घडीत ठेवली. तिथून फळीवर, फळीवरून परत कोठीत. आमचे हे एकदा म्हणाले, "मांजर पिल्लं फिरवते तशी काय फिरवून राहिली?" मी म्हटलं, "झुरळं झालीत." ते म्हणाले, "झुरळं डबीत पाळून राहिली का?"

बहीण पोरीला घेऊन आमच्याच गल्लीत राहायला आली. काही सालांनी शाळेत खिचडी शिजवायचं काम तिला मिळालं. चुलीपुढे घामानं निथळायची, पण मोकळा गळा दिसू नये म्हणून पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. लहानपणी हिला रोज नवी गुंजांची माळ लागायची. मी ओवायची, ती घालून गावभर मिरवायची. तो पदर दिसला की मला घरात बसवत नसे. उठायचं, अंगण झाडायचं, झाडलेलं पुन्हा झाडायचं.

एका दुपारी तिची पोरगी, असेल सहा-सात वर्षांची, माझ्याजवळ खेळत होती. शेजारीण पोत घेऊन आली, वाढली म्हणाली, मी गाठून दिली, ती गळ्यात घालून गेली. पोरगी सगळं बघत होती.

"मावशी, आईची बी पोत वाढली म्हनत्यात."

"व्हय बाळा."

"मंग केवढी झाली आता?"

मी उरलेला दोरा गुंडाळायला घेतला.

"आपल्या दारातली वेल वाढली तर छपरावर गेली. आईची पोत कुठवर गेली?"

मी तिच्या हातावर गूळ ठेवला आणि तिला बाहेर पिटाळलं. पण ते वाक्य घरातच राहिलं. भाकरी थापताना, पाणी भरताना, कुठवर गेली, कुठवर गेली. शेवटी डबी काढली आणि मणी ताटात ओतले. नुसते काळे मणी, भाजलेल्या कारळासारखे. ओवले तर पुन्हा पोतच होणार. विधवेच्या गळ्यात पोत! गावानं आम्हा दोघींना उभं केलं नसतं.

त्या साली सुगीनंतर खतासाठी शेतात मेंढरं बसवली होती. मेंढरावाली म्हातारी बांधावर बसली होती. तिच्या गळ्यात माळ होती, आणि मी गेले ती सरळ माळेपाशीच. लाल काचेचे जुने मणी, एकही दुसऱ्यासारखा नाही. मधेच चांदीचा पोकळ मणी, चेपलेला. आणि सगळ्यांच्या मधून काळे.

"आजी, ह्याच्यात काळे कसे गं? काळे तर पोतीचे."

"काहून? पोतीचेच काहून?" तिनं बाजूचं करडू मानेला धरून माझ्यापुढे केलं. त्याच्या गळ्यात दोऱ्यात एक काळा मणी. "ह्याचं लगीन लावलं का आमी? नजर लागू न्हाई म्हून बांधला. लेकराला बांधतो, करडाला बांधतो. मंग नवरा मेलेल्या बाईला नजर लागत न्हाई व्हय? माझा म्हातारा जाऊन लई सालं झाली. मणी काय त्याच्या बापाचे हायत?"

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मग तिनं गाठ दाखवली. आम्ही बारा-पंधरा मणी ओवतो आणि मग गाठ मारतो. हिची प्रत्येक मण्यामागे एक गाठ. "दोरा कुठंबी सुटला तरी एकच मणी जातो," म्हणाली, "सगळी माळ जात न्हाई." मी तिची पूर्ण माळ नव्या मेणाच्या दोऱ्यात गाठून दिली, तेव्हा तिनं कनवटीला बांधलेले मूठभर लाल मणी माझ्या हातावर ठेवले.

घरी आल्यावर मात्र जमेना. तीनदा गाठली, तीनदा सोडली. लाल जास्त झाले की जत्रेतली वाटायची, काळे जास्त झाले की पोत दिसायची. माझ्या आईच्या कानातले दोन लाखेचे मणी होते, तेही घातले. अंगठ्याला दोऱ्याचा काच पडला. चौथ्या खेपेला ती बेंबीपर्यंत लांब झाली, आणि मी सोडली नाही.

बहिणीला बोलावलं. माळ तिच्या हातात ठेवली. ती आधी हसली, "कुठून आणलीस गं?" मग एका काळ्या मण्यावर तिचं बोट थांबलं. एका बाजूनं टवका उडालेला मणी. लग्नातच उडाला होता तो.

"अक्का, हा माझा हाय."

मी जमिनीवरचे दोऱ्याचे तुकडे वेचायला लागले.

"तू नदीत सोडले म्हणालीस."

"न्हाई सोडवले गं."

"इतकी सालं मला खोटं सांगितलंस?" तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट. "मी तिकडं काळजावर दगड ठिवला आन् तू इकडं डबीत घालून बसली." तिनं माळ पदराच्या टोकात बांधली, गाठ आवळली आणि निघून गेली.

आता ती विहिरीत टाकते का चुलीत, काय माहीत. मी विरजण मागायला तिच्या घरी गेले. संध्याकाळी चाळण मागायला गेले. दुसऱ्या दिवशी चाळण परत द्यायला. ती द्यायची, बोलायची नाही. पदर तसाच हनुवटीपर्यंत. चुलीतली राखसुद्धा मी डोळ्यांनी चाळून आले, खोटं कशाला सांगू. आमचे हे म्हणाले, "आता उद्या मागायला तिच्या घरात पातेलं तरी ऱ्हाऊ दे."

बाजाराच्या दिवशी मात्र ती दारात येऊन म्हणाली, "चल." एवढंच. वाटेत मी दहा गोष्टी काढल्या, ती हूं हूं करत राहिली. मिरच्यांच्या ढिगापाशी तिच्या सासरच्या गावची एक बाई भेटली. उन्हाचा तडाखा होता. बहिणीनं कपाळ पुसायला पदर उचलला आणि तो परत ओढून घेतला नाही. माळ पोटापर्यंत लोंबत होती, लाल आणि काळी.

त्या बाईची नजर तिथंच खिळली. "अगं बया! ही कुठली गं माळ? नवी केली का?"

माझ्या हातातल्या मिरच्या सांडल्या.

"न्हाई, जुनीच हाय," बहीण म्हणाली. "वाढली."

बाई गोंधळली. वाढली तर गळ्यात कशी, हा हिशेब तिला लागेना. ती एकदा माळेकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बसून मिरच्या वेचत होते.

"चल अक्का, उठ," बहीण वरून म्हणाली. "तुला काही खाली पडलेलं सोडवतच न्हाई का?"