लष्कराने नेलेली झोळी

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. नाशिक रोडला नववी-दहावीच्या मुलांना सायन्स शिकवते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय... पण लिहिते.

आमचं शेत एकलहऱ्याच्या पुढे, गोदावरीच्या अलीकडे. घर शेतातच. दसऱ्याआधीचे दिवस होते, झेंडूची तोडणी चालू होती. माझी मुलगी ओवी तेव्हा जेमतेम बसायला लागली होती. घरापुढच्या कडुनिंबाला तिची झोळी बांधलेली आणि शेजारी माझ्या सासूबाई मेथीच्या जुड्या बांधत बसलेल्या. भरदुपारची वेळ.

मी सरीत वाकून फुलं तोडत होते. शेजारचे दामूअण्णा त्यांच्या वावरातून ओरडले, "सूनबाई, वर पाहा ना, काय हे ते?"

वर काहीतरी होतं. राखाडी, गोलसर, कडा नीट न दिसणारं. आवाज नाही, हालचाल नाही. आमच्या कडुनिंबाच्या पलीकडे, लांब एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांवर आहे असं मला वाटलं. म्हणजे चांगलंच मोठं असणार... पण लांब आहे म्हणून भीती वाटली नाही. हवामानवाल्यांचा फुगा असेल म्हणून मी आरामात फोटो काढले. थोड्या वेळाने बघते तर नाही. गेलं कुठे, ते कोणीच पाहिलं नाही.

संध्याकाळी त्यावरून वाद. मी म्हणतेय चिमण्यांवर होतं, दामूअण्णा म्हणतात नदीवर. माझा दीर गणेश रस्त्याच्या कडेला टेम्पो भरत होता, तो तिसरीच दिशा सांगत होता. अण्णांच्या चष्म्याची भरपूर चेष्टा झाली. गणेशने फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला आणि विषय संपला असं आम्हाला वाटलं.

दोन-तीन दिवसांनी लष्कराची जीप दारात. एक अधिकारी, तो हिंदीत बोलत होता. सोबत एक मराठी जवान, साताऱ्याकडचा. आम्हा तिघांना आपसात बोलू न देता एकेकाला आपापल्या जागी उभं केलं आणि हाताने दिशा दाखवायला सांगितली. प्रत्येकाच्या पायाशी त्यांनी आमचेच टोमॅटोचे बांबू रोवले, त्यांना सुतळी बांधली आणि दाखवलेल्या दिशेने सुतळी ओढत निघाले. मला गंमत वाटत होती, कारण वर्गात मी हेच शिकवते. वेगवेगळ्या ठिकाणांहून रेषा ओढल्या की वस्तू कुठे आहे ते कळतं.

तिन्ही सुतळ्या आमच्या कडुनिंबाखाली एकत्र आल्या. ओवीच्या झोळीवर.

अधिकाऱ्याने सगळं पुन्हा मोजलं, आमचे हात किती वर होते तेही. ती वस्तू मोठीही नव्हती आणि लांबही नव्हती. खाटेएवढी होती, झाडाच्या शेंड्याच्या जरा वर.

"ताई, त्या वेळी हितं कोण होतं?" जवानाने विचारलं.

"मी व्हते आन् ही पोरगी," सासूबाई म्हणाल्या. "मी काय वर नाय पाहिलं बाबा. सावली गडद झाली, मला वाटलं ढग आला. पोरगी रडायची थांबली, म्हटलं बरं झालं."

माझ्या फोटोंत आभाळ निळंशार आहे. ढगाचा पुंजकासुद्धा नाही.

अधिकारी बराच वेळ ओवीकडे बघत राहिला. मग त्याने हातमोजे घातले, सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची ती झोळी सोडली आणि जाड पिशवीत बंद केली. जवान खाली बघत मला म्हणाला, "मुलीला एकदा दवाखान्यात दाखवून घ्या."

"का? काय झालंय तिला?"

"साहेब म्हणत्यात म्हणून सांगतो, ताई."

जीप गेली. नंतर कोणी आलं नाही, झोळीही परत आली नाही. ओवीचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, तरी कित्येक महिने मी तिच्या अंगाला हात लावूनच झोपत होते. घरात ठरवलं, तिच्यासमोर हा विषय काढायचा नाही. आजपर्यंत कोणी काढलेला नाही.

आता ती बालवाडीत जाते. गेल्या महिन्यात गणेशच्या बाळाची झोळी त्याच कडुनिंबाला बांधली. दुसरी सोयीची जागा नाही, आणि एवढी वर्षं काही झालंही नव्हतं. दुपारी बाळ रडतंय म्हणून मी बाहेर आले तर ओवी टाचा उंचावून उभी होती. दोन्ही हातांनी तिने बाळावर सूप धरलं होतं.

"काय करतेस गं?"

"बाळाला झाकते."

"कशापासून?"

तिने एक हात सोडला. आम्ही तिघांनी त्या दिवशी हात तिरका धरला होता, कारण आम्ही लांबून पाहिलं होतं. ओवीने हात सरळ डोक्यावर, आभाळाकडे नेला. त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की बाळ रडायचं थांबलंय.

मी बाळाला उचललं, ओवीला ओढलं आणि घरात जाऊन दार लावलं. सायन्स शिकवणारी बाई मी, मान वर करून एकदा बघायला काय हरकत होती? पण नाही बघितलं. त्यामुळे तिथे काही होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही.