मापाच्या वहीतली मांजर

मास्तर अठ्ठावन्न वर्षांचे. त्यातली चाळीस वर्षं लोकांच्या पँटी उंचीला कमी करण्यात आणि कमरेला सैल करण्यात गेली. खाली शिलाईचं दुकान, वर दोन खोल्या. वर मास्तर, त्यांची थोरली बहीण आणि बाईसाहेब राहतात. बाईसाहेब म्हणजे करड्या रंगाची मांजर, वय वर्षं सहा. इतक्या वर्षांत तिने कुणाला नख लावलं नव्हतं. गेल्या दोन महिन्यांत मात्र मास्तरांच्या डाव्या पोटरीची तिने चाळण करून टाकली होती.

"लाडावून ठेवलीस, भोग आता," ताई म्हणायची.

"अगं, मी काही केलं नाही. नुसता बटणं लावत बसलो होतो."

"मग मला का नाही चावत?"

"तुला घाबरत असेल."

मास्तरांनी वर्तमानपत्राची सुरळी आपटून पाहिली, पाणी शिंपडून पाहिलं, तासभर न्हाणीघरात कोंडून पाहिलं. बाईसाहेब जास्तच बिथरल्या. मग एक जखम चिघळली, इंजेक्शनं घ्यावी लागली आणि ताईने निकाल दिला. गोदाम सांभाळणाऱ्या मावसभावाला उंदरांनी वात आणला होता. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तो येऊन मांजर घेऊन जाईल.

त्या दुपारी मास्तरांनी एका गिऱ्हाइकाची पँट दोन इंच जास्त कापली. चाळीस वर्षांत कात्री चुकायची ही दुसरी वेळ. पहिली वेळ, बायको गेली त्या आठवड्यातली.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बाईसाहेबांचे दात, कान, पोट तपासलं. "हिला दुखत काहीच नाहीये. मारू नका, कोंडू नका, पाणी तर अजिबात नको. ती चिडलेली नाही मास्तर, घाबरलेली आहे. कशाला, ते शोधा. चावायच्या आधी काय चाललं होतं, ते दर वेळी लिहून ठेवा."

मास्तर निघाले तेव्हा दवाखान्यातल्या बाईने एक गाठोडं पुढे केलं. "आलाच आहात तर हे घेऊनच जा." त्यात दवाखान्याचे ॲप्रन होते. खिसे नखांनी उसवलेले, बटणं तुटलेली. हे काम मास्तरांकडे अलीकडेच येऊ लागलं होतं. मास्तरांनी एका हातात मांजरीची टोपली घेतली आणि गाठोडं काखेत मारलं.

लिहायला घरात एकच वही होती, मापाची. तिच्यात एका पानावर 'बाईसाहेब' असं नाव पडलं. 'मंगळवार. संध्याकाळी सात. डावी पोटरी, गुडघ्याखाली आठ इंच. आधी: बटणं लावत होतो.' 'शुक्रवार. साडेसात. तीच पोटरी, नऊ इंच. आधी: बटणं.'

चौथ्या चाव्यानंतर मास्तर पोटरीला फडकं बांधून वहीची मागची पानं चाळू लागले. कुठलं काम कधी आलं, तेही त्याच वहीत होतं. ॲप्रन मंगळवारी आणि शुक्रवारी येत. पहिले आले त्याच संध्याकाळी पहिला चावा बसला होता.

मास्तरांनी ॲप्रन नाकाशी नेला. औषधाचा वास आला, बाकी काही नाही. माणसाचं नाक ते.

ज्यांच्याकडे ते काम शिकले त्यांची शिस्त होती, गिऱ्हाइकाचा कपडा धुवायचा नाही आणि हातशिलाई मांडीवरच करायची. ती शिस्त पाळून मास्तर दोन महिने दवाखान्यातली सगळी कुत्री-मांजरं मांडीवर घेऊन बसले होते. इलाज विचारायला जायचं आणि दुखणं काखेत मारून घरी आणायचं, असा हा उद्योग चालला होता.

"म्हणजे ती तुला नाही, तुझ्या पँटीला चावत होती," ताई म्हणाली.

"पँटीच्या आत मीच होतो ना!"

"पण रविवार तो रविवार. सोळा दिवस आहेत."

डॉक्टरीणबाईंनी फोनवर आधी कपाळाला हात लावला असावा. मग त्या म्हणाल्या, "ॲप्रन खालीच ठेवा. वर येताना हातपाय धुवा, कपडे बदला. पण आता तिने तुमचीच धास्ती घेतलीय. जमिनीवर बसा, खाऊ ठेवा, तिच्याकडे बघू नका, हाक मारू नका. तिला आपण होऊन येऊ द्या."

मास्तर रोज संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून बसू लागले. बाईसाहेब कपाटाखालून बघत. उठताना मास्तर टेप लावून अंतर मोजत. पहिल्या दिवशी सात फूट. पाचव्या दिवशी पाच. नवव्या दिवशी साडेतीन फुटांवर असताना मास्तरांना शिंक आली आणि सगळं परत सातवर गेलं.

"मांजरीचं माप घेतोयस? कोट शिवणार आहेस का तिला?" ताईने विचारलं. पण त्या दिवसापासून तिने संध्याकाळी मिक्सर लावणं बंद केलं. विचारलं तर म्हणे, वीज वाचवतेय.

रविवारी सकाळी मावसभाऊ जाळीचा पिंजरा घेऊन दारात उभा राहिला, गोदामातल्याच कपड्यांत. ताई उंबऱ्यावर आडवी उभी राहिली.

"तुझ्याकडे आधीची मांजरं आहेत?"

"दोन आहेत. एक नंबरची आळशी."

"पायांत येतात?"

"सारखी. का गं?"

"मग आत येऊ नकोस."

"अगं, पण तूच बोलावलंस ना मला!"

"बोलावलं होतं. आता नको म्हणतेय. त्या पायरीवर बस, चहा आणते. आणि तो पिंजरा लांब ठेव."

आत मास्तर आज सकाळपासूनच जमिनीवर टेप धरून बसले होते. "दार लाव आधी," ते दातओठ खात, पण हळू आवाजात म्हणाले. "एकवीस इंचांवर आली होती गं. एकवीस!"

बाईसाहेब कपाटाखाली पोहोचल्या होत्या. वहीत त्या तारखेला नोंद आहे: सात फूट. कारण: मावसभाऊ.