हमीदाबीच्या वाट्याचा संडास

बाबा कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. त्यांच्या आजाराचं नाव एचआयव्ही आहे हे आम्हाला ते गेल्यावर कळलं, आणि आईलाही तोच आहे हे त्यानंतर. चंद्रपूरला रेल्वे लाइनीच्या पल्याड, नाल्याच्या काठी आमची वस्ती. ही बातमी दवाखान्यातून वस्तीत आमच्या आधी पोहोचली. आई हातपंपावर गेली की बाया आपल्या पाण्याच्या गुंड्या मागे ओढायच्या. म्हणून ती भर दुपारी जायची, पंपावर कोणी नसताना. संडास कोणाकडेच नव्हता, सगळे लाइनीकडे जायचे. मी शिकलेली आहे, शौचालय असं लिहू शकते. पण आम्ही संडासच म्हणायचो. पोटात काही टिकत नाही अशा बाईला तिकडे किती वेळा जावं लागत असेल, याचा हिशेब मी मांडत नाही.

त्या दिवसांत आमच्या दारात येऊन बसणारी एकच बाई होती, हमीदाबी. आमच्याच ओळीत शेवटचं घर तिचं. ती बांगड्या भरायची. दोऱ्यांत ओवलेल्या बांगड्या खांद्यावर टाकून वस्त्यांत फिरायची, बाजाराच्या दिवशी गोंडपिपरीपर्यंत जायची. हात हातात घेतला की आधी अंगठ्याखालचं मांस दाबून बघायची आणि म्हणायची, "हात ढिला सोड. तू आखडशीन तं काच बी आखडते." हेच ती भांडणाऱ्या नवरा-बायकोला सांगायची आणि पोराला परीक्षेला पाठवताना त्याच्या आईलाही.

आई विधवा, तिच्या हातात ती भरत नसे. माझ्या भरायची. एकदा काच तुटून माझ्या मनगटावर रक्ताचा थेंब आला. दारावरून जाणारी आमच्याच ओळीतली कुंदाबाई तिथेच थबकली. हमीदाबीने पदराने थेंब पुसला आणि दुसरी बांगडी चढवली. "काय पाह्यतं वं कुंदा? तुह्या हाताले बी दहा डाग हायेत माह्या काचेचे."

मी अकरावीत होते तेव्हा वस्तीत दोन संस्था आल्या. एक नाल्या, नळ आणि संडास बांधायला मदत करायची, दुसरी एचआयव्ही झालेल्यांना बघायची. आजारी माणसाला घराजवळ पाणी आणि संडास नसेल तर औषध देऊन काय उपयोग, म्हणून दोघींनी मिळून काम करायचं ठरवलं होतं. सामान त्यांचं, जागा नगरपालिकेची, मेहनत आमची. प्रत्येक ओळीला दोन खोल्यांचा एक संडास. अट एकच होती, ओळीतल्या सगळ्या घरांनी हो म्हटलं तरच खड्डा खणायचा.

आमच्या ओळीची सभा हमीदाबीच्या अंगणात झाली. संस्थेच्या नर्सबाईंनी समजावून सांगितलं की हा आजार संडासातून, पाण्यातून, हात लावल्याने होत नाही. बायांनी माना डोलावल्या. मग कुंदाबाई आईकडे न बघता म्हणाली, "सुमनताईशी माहं काई भांडण नाई. पण घरात लहान लेकरं हायेत, बाई. मी हो नाई म्हणत."

कुंदाबाई वाईट नव्हती, घाबरलेली होती. पण तिच्या एका नाहीने सगळं अडलं. तेव्हा हमीदाबी उठली. "दोन खोल्या हायेत ना? एक सुमनची, एक बाकीच्यायची. झालं?" सगळ्यांना हायसं वाटलं. संस्थेचा एक मुलगा म्हणाला, "असं वेगळं करणं बरोबर नाही, मावशी." तिने त्याला गप्प केलं, "तू हात ढिला सोड, बाबू. पहिले काम होऊ दे." आईला कोणी विचारलंही नाही.

संडास झाला. बाकीच्यांची खोली थोडी पलीकडे, आम्हाला घराला लागून स्वतंत्र, तीही पक्क्या दाराची. हमीदाबी खूश होती. पण महिनाभरातच पोरांनी आमच्या खोलीचं नाव ठेवलं, बिमारीचा संडास. तिकडे चेंडू गेला तर कोणी आणायला जायचं नाही. आमचं घर विचारत कोणी आलं की पानठेल्यावरचा माणूस सांगायचा, "थे पाहा, बिमारीच्या संडासाच्या बाजूले." आधी वस्तीच्या बायांना आमचा आजार माहीत होता; आता पत्ता विचारणाऱ्यालाही कळू लागला.

आईने त्या खोलीत जाणं सोडलं. पुन्हा डबा घेऊन लाइनीकडे जाऊ लागली. एका संध्याकाळी बाजारावरून परत येताना हमीदाबीला ती रुळाशेजारच्या गिट्टीवर बसलेली दिसली. चक्कर येऊन पडली होती, गुडघा फुटला होता. मी शोधत पोहोचले तेव्हा हमीदाबी तिच्याजवळ बसून विचारत होती, "काऊन वो सुमन? घराजवळ बांधला ना तुह्या?"

"थो माहा नाई, हमीदाबी," आई म्हणाली. "थो बिमारीचा हाये. माहं नावच नाई तिथी."

हमीदाबी म्हणाली, "चुकलं माहं. घाई केली मी." आम्ही दोघींनी मिळून आईला घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर सगळ्या बाया असताना हमीदाबी डबा घेऊन आली आणि सरळ आमच्या खोलीकडे निघाली. कुंदाबाई म्हणाली, "ओ हमीदाबी, तुमचा तिकडं हाये."

"माहा इथी हाये. तिकडचा माहा वाटा तुले देला. ऐश कर."

तिने दार लावून घेतलं. आत गेल्यावरही तिचं बोलणं ऐकू येत होतं. दाराची कडी नीट लागत नाही म्हणून ती गवंड्याच्या नावाने ओरडत होती.

त्यानंतर ती रोज तिथेच गेली. याची किंमत तिला धंद्यात मोजावी लागली. काच टोचते, रक्त येते, आणि हीच बाई सुमनच्या संडासात जाते, असं बाया बोलू लागल्या. लग्नसराईत आमच्या वस्तीने दुसरीकडून बांगडीवाला बोलावला. हमीदाबीची सून घरात रागावली, "अम्मी, आप को ही पडी है क्या सब की?" हमीदाबीने तिला सांगितलं, "मी बांधली नं थे खोली. मीच नाई गेली तं कोण जाईन?" आणि ती लांबच्या गावांत जाऊ लागली. सावली गावाकडून परतायला कधी कधी अंधार व्हायचा. आई दिवा लावून दारात बसायची, तिला पाणी द्यायला.

तिकडची खोली सगळ्या ओळीच्या वापराने सारखी तुंबायची, सकाळी रांग लागायची. इकडची आई आणि हमीदाबी दोघी घासून चकचकीत ठेवायच्या. एके दिवशी कुंदाबाईची सासू रांगेत उभी होती. तिला घाई झाली. ती रांग सोडून आमच्या दाराशी आली. कुंदाबाई मागून ओरडली, "आत्याबाई, तिथी नका जाऊ, बिमारी होईन."

"होऊ दे वं," म्हातारी म्हणाली. "आता का माहं लग्न करा लागते?"

रांगेतल्या बाया हसल्या. कुंदाबाईलाही हसू आवरेना. म्हातारीला काही झालं नाही. ती रोज येऊ लागली. मग तिला धरून आणायला नातवंडं येऊ लागली आणि तीही जाऊ लागली. नर्सबाईंनी सभेत सांगितलेलं बायांना आता पटू लागलं. शेवटी एका सकाळी कुंदाबाई आली. दाराशी उभी राहून आईला म्हणाली, "सुमनताई, जाऊ का?" आई म्हणाली, "जा ना, बाई." हमीदाबी शेजारीच बसली होती. मला वाटलं ती आता चांगलं सुनावेल. ती म्हणाली, "कडी वर उचलून लाव वं, अडकते थे."

त्या वर्षी कुंदाबाईने थोरल्या पोरीच्या लग्नात बांगड्या हमीदाबीकडूनच भरून घेतल्या.

पुढे सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळू लागल्या आणि आईच्या अंगावर मांस आलं. मी बी.ए. झाले, आमच्या घराण्यात पहिली. आता दुसऱ्या वस्त्यांत याच कामासाठी जाते. संडास कोणाचा वेगळा बांधायचा नाही, हे मी तिथे पहिल्याच सभेत सांगते. पुस्तकातून नाही, हमीदाबीच्या चुकीतून शिकले.

हमीदाबी एका हिवाळ्यात झोपेतच गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा बाया आधीच जमल्या होत्या. तिच्या सुनेने आईला हात धरून आत नेलं आणि जनाज्याजवळ घरच्या बायांत बसवलं. कोणी सरकलं नाही. उलट जागा कमी होती म्हणून कुंदाबाईने आईच्या मांडीला मांडी लावली.

आमच्या ओळीत आता दोन खोल्यांना दोन नावं नाहीत. जी रिकामी असेल तिच्यात जो तो जातो. आई पण.