अंबावन्सं खोटं बोलल्या तेव्हा

दारात नको असलेलं माणूस आलं, की आमचे मामंजी आतून हातानं खूण करायचे, ‘नाही म्हणून सांग’. अंबावन्सं उंबऱ्याशी जायच्या आणि शांतपणे सांगायच्या, "बाबा घरात आहेत. पण भेटायचं नाही म्हणतात." मामंजी कपाळावर हात मारून घेत, उपरणं सावरत बाहेर येत आणि त्या माणसाला बसायला पाट देत. मी तेव्हा नवी सून. पदर तोंडात कोंबून हसायची. वन्सं म्हणायच्या, "हसतेस काय? खोटं एकदा जन्माला घातलं की त्याला जन्मभर जेवूखाऊ घालावं लागतं. आपल्याच्यानं नाही होत ते."

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. लग्न झालं तेव्हा त्यांचे दुधाचे दात पडत होते. नवरा गेला तेव्हा त्याचा चेहराही त्यांना धड आठवत नव्हता. पुढं वयात आल्यावर केस उतरवायला न्हावी बोलावला. हे सगळं त्या कोणा तिसऱ्याच बाईची हकिकत सांगावी तसं सांगत. अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णेच्या काठी आमचं बिऱ्हाड होतं आणि ते सगळं त्यांच्या डोक्यावर चालत होतं. आळीत भांडण झालं की बायका त्यांच्याकडे येत, कारण त्या कोणाची भीड धरत नसत. एकदा चातुर्मासात पुराणिकबुवांनी सांगितलं की लग्नकार्यात, थट्टेत आणि जिवावर बेतलं असता खोटं बोललं तर पाप लागत नाही. बायकांनी माना डोलावल्या. वन्सं घरी येताना मला म्हणाल्या, "शास्त्रात सवलत असेल बाई. पण सवलत मिळाली की माणूस ती आधी स्वतःसाठीच वापरतो."

ते दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापार कुठंशी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमच्या वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. आगगाडी अजून आमच्याकडे पोचली नव्हती, तेव्हा माल बैलगाड्यांनी खानदेशापर्यंत न्यावा लागे. ज्याच्याकडे गाडी तो राजा. नदीपलीकडे गणू माळ्याची बाग होती. त्यानं मेथी-वांगी बायकोवर सोपवली आणि गाडी भाड्यानं लावली. त्याच्या बायकोचं नाव सखू. रोज सकाळी ती आमच्याकडे भाजी आणि पूजेची फुलं घेऊन यायची, आणि वन्संशी दोन गोष्टी बोलल्याशिवाय तिचं पाऊल निघत नसे. "बाई, तुमच्या तोंडून आइकलं म्हंजे मले काई शंकाच रायत नाई," असं ती म्हणायची.

उन्हाळ्यात गणूबरोबर गेलेला दौलत एकटाच परत आला. दौलत त्याच्याच जातीचा, बायको मेलेला, अबोल माणूस. तो सखूकडे गेलाच नाही. आमच्या मागच्या दारी येऊन ओट्याखाली बसला. वाटेत मुक्कामावर गणूला पटकी झाली होती आणि दिवस उजाडायच्या आत तो गेला होता. दौलतनंच नदीकाठी त्याला अग्नी दिला. गावचं दुसरं कोणी बरोबर नव्हतं.

"बाई, मायी जीभ नाई उचलून रायली," तो म्हणाला. "तुमी सांगा तिले. तुमी सांगसान तं ते मानीन."

वन्सं "बरं" म्हणाल्या. तेवढ्यात पुढच्या दारी सखूच आली. दौलतची गाडी शहरात शिरल्याचं तिनं ऐकलं होतं, आणि त्या गाडीमागं गणूचीही गाडी बांधलेली होती. ती धापा टाकत होती. हातांत हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत भरलेल्या, कपाळावर कुंकू घामानं ओघळलेलं. मी दाराआड उभी होते. वन्सं तिच्यापुढं गेल्या, तोंड उघडलं, आणि मग त्यांची नजर त्या बांगड्यांवर गेली.

"गणू खुशाल आहे," वन्सं म्हणाल्या. "मुंबईकडे कापसाच्या वखारीत काम लागलंय त्याला. गाडी-बैल दौलतबरोबर धाडलेत. येईल सवडीनं."

सखू मटकन खाली बसली आणि हसायला लागली. मागच्या दारी वन्संनी दौलतला गळ्याची शपथ घातली, की हे मोडायचं नाही. तो चाचरत म्हणाला, "पन बाई, आमच्यात..." वन्संनी त्याला बोलू दिलं नाही. तोही अंबाबाईच्या शब्दापुढं बोलणारा नव्हता.

त्यानंतर वन्सं बदलल्या. सखू रोज विचारायची, "काई निरोप?" आणि वन्सं "नाही गं" म्हणून घाईनं आत निघून जायच्या. तेवढं उत्तर खरं होतं. अधूनमधून मामंजींनी खूण केली तर त्या मुकाट्यानं मलाच दाराशी पाठवीत. मामंजींना वाटलं, पोरगी अखेर शहाणी झाली.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग एके दिवशी दौलत पुन्हा मागच्या दारी आला. ह्या वेळी त्यानं अंगावर धुतलेले कपडे घातले होते.

"बाई, शपथेतून सोडा मले," तो म्हणाला. "ते एकटी बाग वढून रायली. तिच्या बैलांले म्याच चारा टाकतो. आमच्यात पाट लागते, बाई. म्या तिच्याशी पाट लावीन म्हंतो."

वन्सं भिंतीला टेकून खाली बसल्या. माळ्या-कुणब्यांत विधवेचा दुसरा घरोबा होतो, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वन्संनाही ठाऊक होतं. "मग वन्सं, तेव्हा...?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तिच्या बांगड्या पाहिल्या आणि माझ्या डोळ्यांपुढं न्हावीच उभा राहिला गं. तिच्या घरी तो कधी येणारच नव्हता. मला ते सुचलंच नाही."

त्याच पावली त्या निघाल्या. मी मागं, दौलत माझ्या मागं. दौलतला बरोबर न्यायला नको होतं, पण ते कळायला उशीर झाला. सखू वाफ्याला पाणी देत होती. वन्संनी तिला सगळं सांगितलं, गणू कुठं गेला, कसा गेला, आणि आपण खोटं बोललो तेही. सखूनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग मागं उभ्या दौलतकडे, त्याच्या धुतलेल्या कपड्यांकडे.

"तुमी खोटं बोलतच नाई बाई," ती म्हणाली. "पयले बोलल्या तेच खरं. आता ह्यानं तुमच्या पाया पडून तुमाले बोलाले लावलं." आणि दौलतकडे वळून, "लबाडा, जित्या मानसाले मारतं? दोस्ताच्या बायकोसाठी?" तिनं ढेकूळ उचललं. वन्सं तिच्या हाताला धरून परत परत सांगत होत्या, "सखू, मी खोटं बोलले गं, मी बोलले," आणि ती त्यांचीच समजूत घालत होती, "असू द्या बाई. तुमाले भोळं पाहून फसवलं त्यानं."

जन्मभर सांभाळलेलं खरेपण असं उलटं अंगावर आलं. एखाद्या लबाड बाईनं ती थाप मारली असती तर सखूनं ती केव्हाच झटकून टाकली असती.

दौलत अमरावतीला निघून गेला. तिथं त्यानं दुसरीशी पाट लावला, लेकरं झाली. कौंडण्यपूरच्या जत्रेत कधी दिसला तर सखू तोंड फिरवायची. वन्संनी तिला किती वेळा सांगितलं असेल, पण सखू हसून विषय बदलायची. तिचं कुंकू रोज ठसठशीत असायचं. ते पाहून वन्सं नजर खाली वळवायच्या, आणि मला त्या दोघींकडे पाहवत नसे.

वन्संचं शेवटचं दुखणं आलं तेव्हा त्यांनी सखूला बोलावून घेतलं. दोघींच्याही तोंडावर सुरकुत्या आल्या होत्या. वन्संनी तिचा हात आपल्या छातीवर ठेवून घेतला. "मी चालले, सखू. आता तरी ऐक. गणू त्याच उन्हाळ्यात गेला."

सखूनं त्यांच्या तोंडाकडे कितीतरी वेळ पाहिलं. मरणाऱ्या माणसाला कोण बोलायला लावणार?

"मंग दौलत खरं सांगून रायला होता," ती म्हणाली.

"हो."

"अन् म्या त्याले लबाड म्हनलं."

गणूसाठी ती रडेल असं मला वाटलं होतं. गणूचं नाव तिनं घेतलंच नाही. वन्संच्या डोळ्यांतून पाणी उशीवर वाहत होतं. "मी तुझ्यासाठी नाही बोलले गं सखू," त्या म्हणाल्या. "तुझ्या हातांकडे मला बघवेना, म्हणून बोलले." सखूनं त्यांचे डोळे आपल्या पदरानं पुसले. पण क्षमा केली असं काही ती म्हणाली नाही, आणि वन्संनीही मागितली नाही. पहाटे वन्संनी प्राण सोडला.

माझं माहेर अमरावतीचं. वन्संचे दिवसवार झाल्यावर मी तिकडे गेले आणि गाडीतळावर दौलतला शोधून काढलं. वन्संच्या वतीनं त्याच्याकडे क्षमा मागायची असं ठरवून गेले होते. तो बैलांना पाणी दाखवत होता, केस पिकलेले. मी सगळं सांगितलं. त्यानं बादली खाली ठेवली.

"तिनं बांगड्या फोडल्या?" त्यानं विचारलं.

"फोडल्या."

तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तवाच फोडल्या असत्या वयनीबाई, तं म्या नव्या भरल्या असत्या."

आतून त्याच्या लेकरानं हाक मारली, तो बादली घेऊन गेला. क्षमा मागायची राहूनच गेली.