दहापैकी किती दुखतं

मुलीच्या कंबरेला शॉकवेव्ह यंत्राचा उपचार द्यायला मी तिला रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या क्लिनिकात नेलं, तेही नाक मुरडतच. ती वेटलिफ्टिंग करते. राज्याच्या संघाची निवड तीन आठवड्यांवर आली होती आणि हिची कंबर धरलेली. मी स्वतः रेल्वेकडून कबड्डी खेळलो. आम्ही गरम विटेचा शेक घ्यायचो आणि दुसऱ्या दिवशी मैदानात उतरायचो. इथे बाकड्यावर चांगले आडदांड क्रिकेटवाले पोट्टे बसले होते, प्रत्येकाबरोबर आई आणि आईच्या हातात ज्यूसची बाटली. म्हणे खेळाडू!

यंत्र पाहून हसूच आलं. भिंतीला भोक पाडायच्या ड्रिलसारखं दिसत होतं. यात विजेचा झटका नसतो, दाबाच्या लाटा असतात, असं फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावलं. मी मान हलवली, म्हणजे ऐकलं नाही.

त्यांनी कंबरेला जेल लावून यंत्र टेकवलं. टकटक सुरू झाली.

"जहाँ सबसे ज़्यादा दुखे, वहीं बताना. दस में से कितना?"

"दो," मुलगी म्हणाली.

जागा बदलली. पुन्हा "दो."

माझी छाती फुगली. "बढ़ाइए न मैडम, मेरी लड़की है, रोएगी नहीं." मग तिला विचारलं, "काहून, दुखून तर नाही राहिलं न?"

"नहीं, बाबा."

बाईंनी यंत्रच बंद केलं. नेमकी जागा कळली नाही तर याचा उपयोग नाही, आणि अशीच वजनं उचलत राहिली तर ही वर्षभर घरी बसेल, असं त्यांनी सरळ सुनावलं. "अंकल, आप बाहर बैठिए."

माझ्याच पोरीजवळून मला उठवलं! रागारागाने पडद्याबाहेर स्टुलावर बसलो. टकटक पुन्हा सुरू झाली.

"यहाँ?"

"नौ," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. दिवाळीपासून दुखतंय, वाकताना, बसताना, बुटाची लेस बांधताना, सगळं भडाभडा सांगितलं. "बाबा को मत बताना, दीदी."

दिवाळीपासून रोज सकाळी तिला सरावाला मीच सोडत होतो. गाडीवर विचारायचो, दुखतं का? ती नाही म्हणाली की म्हणायचो, शाबास. इतका मठ्ठ बाप साऱ्या रायपुरात नसेल. मला माझी लाज वाटली.

त्याच दिवशी मी प्रशिक्षकांना कळवलं की यंदा ती निवडीला येणार नाही. कंबर आता बरीच बरी आहे. आणि दुखलं की ती सांगते. मला नाही, आईला.