अध्यक्षांचे गुडघे

आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना मी ठार मारायची जाहीर धमकी दिली, ती निव्वळ मराठीच्या प्रेमापोटी.

आमची कन्या सई कॉलेजात जाते आणि उरलेल्या वेळात मरते. म्हणजे कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये! कुठल्याशा काळोख्या ग्रहावर गंजके यंत्रमानव अंगावर येतात, हिला मारतात, ही उठते, ते पुन्हा मारतात. (याला करमणूक म्हणतात! आमच्या वेळी याला नोकरी म्हणत.) त्या गेमवर खेळाडूंनी मराठीत मतं लिहायची आणि ज्याचं मत सरस त्याला वेबसाइटवर नियमित लिहायचं काम, अशी स्पर्धा निघाली. सईला ते काम हवंच होतं. जीव ओतून लिहिलं होतं पोरीने. शेवटच्या दिवशी, कामोठ्याला क्लासला पळता पळता ती म्हणाली,

"बाबा, फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा आणि वेबसाइटवर टाकून द्या. बाकी कशाला हात लावू नका हं!"

"अगं, मी काय लहान आहे?"

"लहान असता तर ऐकलं असतंत," स्वयंपाकघरातून माझी बायको नंदा म्हणाली.

मी हात लावला. प्रत्येक वाक्यात 'गेम'? पुनरुक्ती! सगळीकडे 'ती' केलं. मग दिसला 'बॉस'. या गेममध्ये प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक आडदांड राक्षस उभा असतो, तो बॉस. शुद्ध मराठी मजकुरात बॉस? छे! 'साहेब' म्हणावं तर राक्षसाला मान दिल्यासारखं, 'मालक' म्हणावं तर भाडं थकल्यासारखं. शेवटी 'अध्यक्ष' हा भारदस्त शब्द सुचला आणि मी स्वतःचीच पाठ थोपटली.

त्याच बैठकीत नंदाने कांदा परतता परतता सांगितलेली लिफ्टची तक्रारही मी टाइप केली. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून तोच विषय चालू होता, म्हणून लिफ्टचं नाव न घेता नुसतं 'ती'. ग्रुपमध्ये आमच्या घराचा नंबर नंदाचा, त्यामुळे मी लिहिलेलंही तिच्याच नावाने जातं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन खिडक्या उघड्या, मजकूर दोन, आणि डोळ्यांवर चष्मा लांबचा. व्हायचं ते झालं. दोन्ही मजकूर चिकटवून मी समाधानाने चहा मागितला.

चहाआधी दाराची बेल वाजली.

दारात म्हात्रेकाका! आमचे अध्यक्ष. ज्यांच्या भातशेतीवर आमची बिल्डिंग उभी आहे ते. देह अवाढव्य, गुडघ्यांचं ऑपरेशन ताजं, आणि लिफ्ट आता पुरतीच बंद पडली म्हणून चार मजले चढून आलेले.

"वयनी," ते धापा टाकत म्हणाले, "आमचा काय चुकला असंल तर तोंडावर सांगा. पन गुडघ्यांना हात लावू नका. आताच नवीन टाकलेत!"

नंदा बाहेर आली. हातात सुरी. (भेंडी चिरत होती हो!) काका भिंतीला टेकले.

"डावीकडून येऊ नका, वयनी!"

त्यांनी मोबाइल पुढे केला. ग्रुपवर नंदाच्या नावाने झळकत होतं: 'अध्यक्ष दिसतो अवाढव्य, पण गुडघे कमकुवत. डावीकडून जावं, गुडघ्यावर दोन घाव घालावेत, वाकला की मागून मान. मी कितीदा तरी हरले, पण त्याला संपवल्याशिवाय राहणार नाही!'

"काका, तो अध्यक्ष तुम्ही नाही!" मी मध्ये पडलो. "तो दुसरा. तो राक्षस आहे!"

"म्हंजे मी पयला?"

तेवढ्यात सई आली. तिने मोबाइल वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि कॉम्प्युटरकडे धावली. तिथे तिच्या नावावर विराजमान होती नंदाची तक्रार: 'आत शिरलं की काळोख. बटण दाबावं एक, ती करते भलतंच. वर जायची आशा दाखवते आणि पुन्हा तळाशी आणून सोडते. वासही येतो. तरी माणूस रोज तिच्यात शिरतो.'

आता बदलायची सोय नव्हती. "गेलं माझं काम, बाबा," सई म्हणाली. तिचे डोळे भरले आणि मला माझ्या शुद्धलेखनासकट जमिनीत जावंसं वाटलं.

पण त्या मजकुराखाली खेळाडूंच्या प्रतिक्रियांची रांग लागली होती! 'अगदी मनातलं!' 'वाससुद्धा आला? काय तल्लीन होऊन खेळतेस!' एकाने गुपित फोडलं होतं: 'वर जायला बाजूने जिना आहे, पण जीव काढतो.'

"खरा हाय त्याचा," म्हात्रेकाका गुडघे चोळत म्हणाले. चहा पिऊन त्यांनी तळोज्याच्या मेकॅनिकला असा काही फोन लावला, की दुसऱ्या दिवशी लिफ्ट सुरू!

सईने वेबसाइटवाल्यांना घाबरत घाबरत खरं काय ते कळवलं. ते पोट धरून हसले, तिचं मत मागवून वाचलं आणि काम तिलाच दिलं. फक्त एक दुरुस्ती सुचवली: तेवढं 'अध्यक्ष' काढून 'बॉस' करा.

मी छाती काढून नंदाला म्हणालो, "बघितलंस? माझ्या लेखणीने लिफ्ट चालू झाली आणि पोरीला कामही मिळालं!"

"अहो, मत सईचं, तक्रार माझी," नंदा भेंडी चिरत म्हणाली. "तुमचा म्हणून त्यात एकच शब्द होता. तेवढाच काढायला सांगितलाय त्यांनी."