ग्रुपवर अंगठे, अर्जात घोळ

मैत्रिणींनो, आत्ताच शिरूरहून घरी आलेय. चहा बाजूला ठेवून लिहितेय.

कॉलेजच्या पोरींसाठी आमच्या निमोण्याला संध्याकाळची एक जादा एसटी मिळावी, म्हणून आम्ही बायकांनी मिळून अर्ज तयार केला. आठवडाभर तो आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. सगळ्यांनी अंगठे दिले. मीपण दिला.

आज डेपोत साहेबांनी अर्ज वाचून विचारलं, "ताई, गाडी निमोण्याला पाहिजे का पाटसला?"

नमुना म्हणून माझ्या पाटसच्या नणंदेकडून त्यांच्या गावचा अर्ज मागवला होता. वरचं गाव बदललं, खाली मागणीत पाटस तसंच राहिलं!

सोबत आलेल्या शांतामावशी म्हणाल्या, "जाऊ दे, उद्या येऊ."

मी म्हटलं, "न्हाई मावशी. पोरी आज बी फाट्यावर उभ्या हायेत."

तिथंच बाकावर बसलो. लिहायला आमच्यातली एकटी सुनीता. बाकीच्यांनी एकेक वाक्य मोठ्यानं वाचायचं. जिला खटकेल तिनं नुसतं नाक मुरडायचं नाही, बदली वाक्य सांगायचं. 'विद्यार्थिनींची कुचंबणा होत असून' वर मावशीच अडल्या. "आसं कोण बोलतं गं? सरळ लिव्ह, पोरी अंधारात घरी येत्यात."

तसंच लिहिलं. अर्ज दिला, पोच घेतली, मगच उठलो.

यापुढं मोठ्यानं वाचल्याशिवाय आमचा एकही कागद गावाबाहेर जाणार नाही.

आणि तुम्ही ही पोस्ट खरंच वाचली असेल, तर अंगठा नको. आमच्या अर्जात कुठल्या गावाचं नाव राहिलं होतं, ते कमेंटमध्ये लिहा.